गाडीवर हवा हवी असेल तर कॉम्प्रेसर शेवटी निवडा

गळीत हंगाम सुरू झाला की शिरोळ, हातकणंगले, कागलच्या रस्त्यांवर ट्रॉल्यांची रांग लागते आणि कडेला एखादी तरी टायर बसून तिरकी झालेली असते. पिकअपवरच हवेची सोय असली तर तिथल्या तिथे काम होतं, पैसेही रोख मिळतात. म्हणून दर वर्षी दिवाळीच्या आसपास दोन-चार जण विचारायला येतात, "कुठला कॉम्प्रेसर घेऊ?" बहुतेकांनी तोवर तो घेतलेलाही असतो, पोत्यात गुंडाळून गाडीत टाकलेला असतो. मग त्याला बसेल असा ब्रॅकेट, त्याला पुरेल असा पट्टा आणि त्याला झेपेल असं काम शोधत आम्ही आठवडा घालवतो.

क्रम उलटा हवा. आधी काम, मग इंजिनचे फेरे, मग जागा आणि सर्वांत शेवटी कॉम्प्रेसर. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत. मधली एखादी गाळलीत तर खर्च दोनदा होतो. आमचा झाला आहे.

## १. गाडीत हवा आधीच आहे का, ते बघा

गाडीला एअर ब्रेक असतील तर तिच्या इंजिनावर कॉम्प्रेसर आहेच. रोज एक-दोन टायरची हवा वर-खाली करायची एवढंच काम असेल, तर नवीन काही घेऊ नका. बऱ्याच ट्रकच्या अनलोडरवर (जास्तीची हवा सोडणारा व्हॉल्व्ह) किंवा ड्रायरवर (हवेतली ओल काढणारा डबा) टायर भरण्याचं तोंड कंपनीकडूनच दिलेलं असतं. धुळीखाली टोपण दडलेलं असतं, चिंधीने पुसून बघा.

कायमचं कनेक्शन घ्यायचं असेल तर हवा चार वाटांना वाटून देणाऱ्या फोर सर्किट प्रोटेक्शन व्हॉल्व्हवरचे आकडे वाचा. २१ आणि २२ हे ब्रेकचे, २३ हा हँडब्रेक आणि ट्रेलरचा, २४ हा बाकीच्या कामांचा. आपली नळी फक्त २४ वर. तिथे नळी फुटली तरी हा व्हॉल्व्ह ब्रेकच्या टाक्यांमधली हवा राखून ठेवतो.

सावधान: ब्रेकच्या टाकीला टी मारून हवा काढू नका. करूळ घाट उतरताना ती नळी सुटली तर पुढे काय होईल ते लिहायची गरज नाही.

हा कॉम्प्रेसर थोडा वेळ हवा भरून बराच वेळ मोकळा फिरण्यासाठी बनवलेला असतो. त्यावर अर्धा-अर्धा तास चाकाचे नट सोडायची एअर गन चालवली तर हेड तापतं, तेल हवेबरोबर वर येतं, आणि ते तेल तुमच्याच ब्रेकच्या व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतं. रोजचं जड काम असेल किंवा गाडी बिगर एअर ब्रेकची पिकअप असेल, तरच पुढे वाचा.

## २. सर्वांत जड काम कागदावर मांडा

"टायर भरायचे आहेत" एवढं पुरत नाही. कुठला टायर, किती हवेपर्यंत, किती मिनिटांत?

१०.००-२० च्या ट्रक टायरच्या पोटात साधारण ११५ लिटर जागा असते. तो बसलेल्या अवस्थेतून १०० पीएसआयपर्यंत न्यायचा. १४.५ पीएसआय म्हणजे १ बार, म्हणजे १०० पीएसआय झाले जवळपास ७ बार. ११५ गुणिले ७, म्हणजे सुमारे ८०० लिटर मोकळी हवा आत ढकलायची. पाच मिनिटांत भरायचा असेल तर मिनिटाला १६० लिटर. १ सीएफएम म्हणजे मिनिटाला एक घनफूट, म्हणजे २८.३ लिटर; म्हणजे तुम्हाला साडेपाच ते सहा सीएफएम लागणार. हा आकडा कागदाच्या डोक्यावर मोठ्या अक्षरात लिहा.

एअर गनचा हिशेब वेगळा. कॅटलॉगात तिच्यापुढे दिलेले सीएफएम बहुधा सरासरी असतात, म्हणजे थोडा वेळ चालवून बराच वेळ थांबली असं धरून. सलग दाबून धरलीत तर ती त्याच्या कितीतरी पट हवा खाते. अर्धा इंची गन मोठ्या टाकीच्या जोरावर निभावते. ट्रकच्या नटांसाठी एक इंची गन रोज चालवायची असेल, तर बॉनेटखालच्या कॉम्प्रेसरचा नाद सोडा. त्यापेक्षा हाताने फिरवायचा टॉर्क मल्टिप्लायर घ्या. त्याला हवा लागत नाही, आणि गंजलेला नटसुद्धा एकटा माणूस सोडवतो.

## ३. गाडी उभी असताना इंजिन किती फिरतं?

सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते, आणि फसवणारा दुकानदारच असतो असं नाही. आपणच आपल्याला फसवतो.

आमचा पहिला कॉम्प्रेसर गाडीच्या एसीचा होता, पाच सिलिंडरचा, १३८ सीसी. विकणाऱ्याने सांगितलं, "दहा सीएफएम देतो." खोटं नव्हतं. १३८ सीसी गुणिले २००० फेरे म्हणजे मिनिटाला २७६ लिटर, पावणेदहा सीएफएम. पण रस्त्याकडेला गाडी उभी करून टायर भरताना त्याला २००० फेरे कोण देणार? आमच्या पिकअपचं इंजिन आयडलला ८०० वर फिरायचं. क्रँकची पुली १५० मिलिमीटरची, कॉम्प्रेसरची १२५ ची, म्हणजे १.२ पट. कॉम्प्रेसर फिरला ९६०. गुणाकार केला की १३२ लिटर, तेही कागदावर. पिस्टन जेवढी जागा झाडतो तेवढी सगळी हवा बाहेर पडत नाही. सात बारच्या विरुद्ध ढकलताना असल्या एकाच टप्प्यात हवा दाबणाऱ्या कॉम्प्रेसरकडून ६५ टक्के मिळाली तरी बरं. उरले ८६ लिटर, जेमतेम तीन सीएफएम.

एका टायरला नऊ मिनिटं. मागे चार ट्रॅक्टरवाले हॉर्न मारतायत, आणि मी गेजकडे बघत उभा. उद्यमनगरातल्या ज्या टर्नरकडे दुसऱ्या दिवशी गेलो, त्याने माझं सगळं ऐकून घेतलं आणि चहाचा कप खाली ठेवत म्हणाला, "मालक, प्लेट काय वाचतायसा? गाडीचा काटा वाचा की!"

तेव्हापासून आकडेमोड अशी:

सीसी × इंजिनचे फेरे × पुलीचं गुणोत्तर ÷ १००० = कागदावरचे लिटर. त्याला ०.६५ ने गुणा. ही खरी हवा.

इंजिनचे फेरे कोणते धरायचे? हँड थ्रॉटलची तार किंवा फास्ट आयडलचं बटण असेल तर १२०० धरा. नसेल तर आयडलचेच धरा. "कोणीतरी ॲक्सिलरेटरवर पाय ठेवून बसेल" हे धरू नका. तो कोणीतरी दुसऱ्या दिवशी येत नाही.

तपासा: गाडी बीएस-६ असेल आणि सायलेन्सरमध्ये डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असेल, तर तासन्‌तास आयडलवर ठेवल्याने तो काजळीने भरतो. दिवसाला दोन-अडीच तास उभ्या गाडीत हवा लागणार असेल तर इंजिनला पट्टा लावू नका. मागच्या हौद्यात स्वतंत्र छोटं इंजिन आणि गॅरेजमध्ये असतो तसा तेलाच्या चेंबरचा हेड, म्हणजे टाकी-मोटरशिवायचा नुसता कॉम्प्रेसर, बसवा. मला विचाराल तर निम्म्या लोकांनी हेच करावं. ते दिसायला देखणं नसतं, एवढंच.

## ४. जागा, ब्रॅकेट, पट्टा

कॉम्प्रेसर अजून विकत घ्यायचा नाही. बॉनेट उघडा आणि पुठ्ठा, कात्री, मोजपट्टी घ्या.

आधी शोरूमच्या स्पेअर पार्टवाल्याला विचारा की तुमचं मॉडेल एसीसकट मिळतं का. मिळत असेल आणि तुमची गाडी बिगर एसीची असेल, तर इंजिन ब्लॉकवर एसी कॉम्प्रेसरच्या ब्रॅकेटची भोकं बहुधा पाडलेलीच असतात. कंपनीचा ब्रॅकेट, कंपनीचा टेन्शनर, कंपनीचा पट्टा. घरी वेल्डिंग केलेल्या कुठल्याही ब्रॅकेटपेक्षा हे बरं.

ब्रॅकेट बनवायचाच असेल तर तीन गोष्टी सांभाळा. एक, पट्टी दहा मिलिमीटरपेक्षा पातळ नको आणि बोल्टला दोन्ही बाजूंनी आधार हवा. दोन, ताण द्यायला लांबट भोक हवं. तिसरी चूक मी इतक्या गाड्यांत बघितली आहे की वेगळी लिहितो: ब्रॅकेटचे सगळे पाय इंजिनवरच हवेत. एक पाय इंजिनला आणि एक चॅसिसला ठेवलात तर रबरी माउंटिंगवर इंजिन हललं की पट्टा दर वेळी ताणतो आणि सैल होतो. पंधरा दिवसांत पट्टा जातो, महिन्यात बोल्ट.

क्रँकच्या पुलीला जास्तीची खाच हवी असेल तर ती वेगळी बनवून मूळ पुलीवर बोल्टने, मधल्या गाळ्यात नेमकी बसेल अशी घ्या. मूळ पुलीत रबर असतं; तिला वेल्डिंग लागलं की ते रबर संपलं. कोल्हापुरात टर्नरची वानवा नाही. फक्त पुली बसवल्यावर डायल गेज लावून ती डगमगत नाही ना, हे तुमच्यासमोर दाखवायला सांगा.

तपासा: दोन्ही पुलींच्या तोंडावर सरळ पट्टी धरा. चारही ठिकाणी टेकली पाहिजे. मधून उजेड दिसला तर ब्रॅकेट परत. रेडिएटरच्या पंख्यापासून दोन-तीन बोटं अंतर आहे का तेही इथेच बघा.

दहा सीएफएमला सात बारवर साधारण अडीच-तीन अश्वशक्ती लागते. इंजिनला ती जाणवतही नाही, पण अरुंद आणि पुलीला कमी वेढलेल्या पट्ट्याला जाणवते. एकच ए सेक्शनचा, म्हणजे १३ मिलिमीटर रुंदीचा पट्टा असेल तर तो पुलीला निदान एक-तृतीयांश वेढा घेतोय ना, ते बघा. गाडीतला मूळ सपाट खाचांचा पट्टा लांब करून त्यावरच कॉम्प्रेसर टांगायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. त्याच पट्ट्यावर वॉटर पंप आणि आल्टरनेटर असतात.

आणि एक फोन: इंजिनाला किंवा बॉडीला कायमचं काही जोडायच्या आधी पासिंग आणि विम्याचं विचारून घ्या. वॉरंटी चालू असेल तर शोरूमलाही. एमएच-०९ चा कुठलाही एजंट "चालतंय की" म्हणेल. तुम्ही आरटीओ कार्यालयातच विचारा.

## ५. आता कॉम्प्रेसर

हातात तीन आकडे आहेत: लागणारे सीएफएम, मिळणारे फेरे, उपलब्ध जागा. बाजारात पर्यायही तीनच.

एसीचा कॉम्प्रेसर. लहान, हलका, आणि चुंबकी क्लच असल्यामुळे हवा नको तेव्हा नुसती पुली फिरते. पिकअपसाठी बहुतेक वेळा हाच. पण याच्यात तेलाचा चेंबर नसतो. एसीत तेल गॅसबरोबर फिरून परत येतं. इथे हवा एकदा गेली ती गेली, तेलासकट. तसाच कोरडा चालवला की काही दिवसांत जाम. म्हणून शोषणाच्या तोंडाला थेंब दिसेल असा ल्युब्रिकेटर आणि बाहेरच्या बाजूला तेल गाळणारा फिल्टर, ही जोडी त्याच्या किमतीतच धरा. आतलं जुनं एसीचं तेल ओतून काढा. ते ओल शोषतं, आणि आपल्या हवेत ओलीला तोटा नाही. त्या जागी कॉम्प्रेसरचंच तेल, इंजिन ऑइल नको. ते जळून व्हॉल्व्हवर काजळी धरतं. फिल्टर टाळायचा नाही, कारण तेलकट हवेने ट्यूबचं रबर फुगतं.

ट्रकच्या ब्रेकचा जुना कॉम्प्रेसर. टणक. पण त्याला इंजिनमधून दाबाने तेल द्यावं लागतं आणि ते उताराने चेंबरात परत यावं लागतं. परतीची नळी जाड आणि सतत उतरती हवी. ती कुठे वर चढली की तेल साचतं आणि हवेतून बाहेर पडतं. बऱ्याच मॉडेलना पाणीही फिरवावं लागतं. क्लच नसतो, म्हणजे गाडी चालू आहे तोवर हा फिरणार. घरचा मिस्त्री हुशार असेल तरच या वाटेला जा.

गॅरेजचा हेड. स्वतःचा तेलाचा चेंबर, दुरुस्तीला सोपा. मोठी पुली हाच त्याचा पंखा. पण तो संथ फिरायला बनलेला असतो, हजार फेऱ्यांच्या आसपास. बॉनेटखाली मावत नाही. स्वतंत्र इंजिनवर मात्र याच्यासारखा दुसरा नाही.

आम्ही दुसऱ्या खेपेला सात सिलिंडरचा १५५ सीसीचा घेतला, क्रँकला १८० ची पुली आणि कॉम्प्रेसरला १२० ची, म्हणजे दीडपट. १२०० च्या फास्ट आयडलला कॉम्प्रेसर १८०० फिरतो. १५५ गुणिले १८०० म्हणजे २७९ लिटर, त्याचे ६५ टक्के १८१. सहा सीएफएमच्या वर. नऊ मिनिटांचा टायर साडेचारवर आला, त्यात कॉम्प्रेसरपेक्षा पुलीचा आणि थ्रॉटलच्या तारेचा हात जास्त होता. उलट बाजूही बघून ठेवा: हायवेला इंजिन ४००० ला गेलं तर ही पुली ६००० ने फिरणार. क्लच सोडलेला असेल तर चालतं. लावलेला असेल तर कॉम्प्रेसर राहत नाही.

## ६. जुना माल घेताना

भंगारात गाडीवरच बसलेला कॉम्प्रेसर दिसला तर पाना लावू नका. गॅस भरलेला असू शकतो आणि तो हाताची कातडी गोठवतो. आधी एसीवाल्याकडून काढून घ्या.

हातात आल्यावर शाफ्ट फिरवा. गुळगुळीत फिरला पाहिजे, कुठे खरखर किंवा अडखळ नको. बाहेरच्या तोंडावर अंगठा दाबून फिरवला की अंगठा उचलला गेला पाहिजे. पांढऱ्या कागदावर आतलं तेल ओता आणि उन्हात बघा. चंदेरी चकाकी दिसली तर भाव कितीही पडला तरी परत द्या. क्लचच्या फटीत फीलर गेज घाला, ०.४ ते ०.८ मिलिमीटर हवी. १२ व्होल्टच्या कॉइलला मीटरवर साधारण ३ ते ४ ओहम. गाडी २४ व्होल्टची आणि कॉइल १२ ची, असा घोळ मी एकदा नव्हे तर दोनदा पाहिला आहे.

## ७. हेडपासून टाकीपर्यंत

आठ बारला दाबलेली हवा हेडमधून बाहेर पडताना दीडशे अंशांच्या वर तापलेली असू शकते. आम्ही तिथे साधी रबरी एअर होज लावली होती. वीस मिनिटं छान चालली. मग क्लॅम्पपाशी एक फुगा दिसला, सुपारीएवढा. बघेपर्यंत लिंबाएवढा झाला. मी स्विचकडे धावलो, पण फुटला तोच आधी. बॉनेट उघडं होतं आणि कोणी वाकलेलं नव्हतं, म्हणून हसत सांगतोय.

पहिले दीड-दोन मीटर तांब्याची किंवा लोखंडी नळी हवी, आणि हलणाऱ्या इंजिनकडून चॅसिसकडे जाताना स्टीलच्या जाळीची टेफ्लॉन होज. त्यानंतर क्रमाने: पाणी गाळणारा सेपरेटर, तेलाचा फिल्टर, हवा मागे येऊ न देणारा नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, टाकी. सेफ्टी व्हॉल्व्ह थेट टाकीवर, मध्ये कॉक नको. टाकीच्या सर्वांत खालच्या बिंदूला ड्रेन कॉक.

सावधान: जुना घरगुती गॅस सिलिंडर किंवा फ्रीजच्या गॅसचा डबा टाकी म्हणून वापरू नका. ट्रकची जुनी ब्रेकची टाकी घेतलीत तर पाण्याने चाचणी करून घ्या, कामाच्या दाबाच्या दीडपट. हवेने नको: पाण्याने तडकली तर पाणी गळतं, हवेने तडकली तर पत्रा उडतो.

शोषणाचा फिल्टर चाकाजवळ नको. उसाच्या फडातली धूळ आणि पाचट एका दिवसात त्याला झाकून टाकतं. बॉनेटच्या वरच्या बाजूला, स्वतंत्र, कागदी जाळीचा.

## ८. वायरिंग

डॅशवरचा स्विच, त्यानंतर प्रेशर स्विच, त्यानंतर रिले, रिलेकडून क्लच. कॉइल १२ व्होल्टला चारेक अँपिअर घेते, फ्यूज बॅटरीजवळच. प्रेशर स्विच ७ बारला लागणारा आणि ८.५ ला सुटणारा, सेफ्टी व्हॉल्व्ह ९.५ चा. टाकी या सगळ्याच्या वरच्या दाबाची हवी.

पट्टा दर वेळी क्लच लागताना चिरकत असेल तर लोक तो आणखी आवळतात. बहुतेक वेळा दोष पट्ट्याचा नसतो. हेड आणि नॉन रिटर्न व्हॉल्व्हच्या मधल्या नळीत दाब अडकलेला असतो आणि कॉम्प्रेसरला भरल्या दाबावर सुरू व्हावं लागतं. स्विच सुटताना तेवढी हवा "फुस्स" करून सोडणारा अनलोडर बसवा.

## ९. चाचणी

टाकी रिकामी करा, ड्रेन बंद करा, फास्ट आयडल लावा, मोबाइलवर स्टॉपवॉच चालू. शून्यापासून ७ बारपर्यंतचा वेळ घ्या. टाकीचे लिटर × ७ ÷ मिनिटं = मिनिटाला मिळणारी खरी हवा. दुसऱ्या पायरीत कागदाच्या डोक्यावर लिहिलेल्या आकड्याशी लावून बघा. कमी पडत असेल तर आधी साबणाच्या फेसाने जोड तपासा, मग पट्टा, मग फिल्टर. कॉम्प्रेसरला शेवटी दोष द्या.

त्यानंतर वीस मिनिटं सलग चालवा. टाकीच्या तोंडावर पांढरा कागद धरा, तेलाचा ठिपका किती येतो ते बघा. बंद करून पट्टा हाताने चाचपा. काळी पूड हाताला लागली तर पुली सरळ नाहीत. पहिल्या दोन तासांनंतर ब्रॅकेटचे बोल्ट पुन्हा आवळायचे, ते सैल झालेलेच असतात. पावसाळ्यात ड्रेन रोज संध्याकाळी उघडायचा. आषाढात गगनबावड्याकडे जाऊन आलेल्या गाडीच्या टाकीतून तांब्याभर पाणी निघालं तरी घाबरू नका.

ट्रकच्या रिंगवाल्या चाकात हवा भरताना लॉक रिंगसमोर कोणी उभं राहायचं नाही. चाक सुटं असेल तर पिंजऱ्यातच. लांब होज घेतलीत तर बाजूला उभं राहून भरता येतं.

चाचणीचा वेळ आम्ही टाकीवरच ऑइल पेंटने लिहून ठेवला आहे. साठ लिटरच्या टाकीला २ मिनिटं २५ सेकंद. महिन्यातून एकदा तीच चाचणी. गेल्या हंगामाच्या मध्यात हाच वेळ ३ मिनिटं ५ सेकंदांवर गेला. पट्टा ठीक, फिल्टर स्वच्छ, जोडांना फेस नाही. हेड उघडलं तर रीड व्हॉल्व्हची एक पत्ती चिरलेली, नखाएवढी.